निकाल न देण्याचं शिक्षण

कुटुंब न्यायालयात वर्षानुवर्षं काम केलेल्या न्यायाधीशांच्या अंगी एक सवय मुरलेली असते. मुलाच्या ताब्याचा वाद समोर आला, की ते मुलाभोवतीचं सगळं जग तपासायला घेतात. आई-वडिलांपैकी कोणाला मुलासाठी वेळ आहे, घरात आजी-आजोबा आहेत का, शाळा कशी आहे, मूल कोणाला बिलगतं, कोणाला बिचकतं. ते समुपदेशकाचा अहवाल मागवतात, मुलाशी आपल्या दालनात बोलतात, घाई करत नाहीत. घाई न करणं हा या कामातला मोठा गुण मानला जातो. न्यायालय पुण्यातलं असो, साओ पावलोतलं असो की ओसाकातलं, चांगल्या कुटुंब न्यायाधीशाची ओळख बहुतेक सारखीच असते.

आणि एक दिवस त्यांच्यापुढे वेगळीच फाइल येते. परदेशात राहणाऱ्या जोडप्यातलं एक जण, आई किंवा वडील, दुसऱ्याच्या संमतीशिवाय मुलाला घेऊन या न्यायाधीशांच्या देशात आलेलं असतं. मागे राहिलेल्या पालकाचा अर्ज असतो: मूल परत पाठवा. या फाइलमध्ये न्यायाधीशांनी वर सांगितलेल्यापैकी जवळजवळ काहीच करायचं नसतं. चांगला पालक कोण, हे पाहायचं नाही. ताबा कोणाला, हे ठरवायचं नाही. हाताशी वेळ सहा आठवडे. आयुष्यभर कमावलेलं कौशल्य बाजूला ठेवून एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: या मुलाच्या ताब्याचा निर्णय कोणत्या देशाच्या न्यायालयानं घ्यायचा?

वेगवेगळ्या देशांतल्या न्यायाधीशांना आंतरराष्ट्रीय बालअपहरणाचे खटले हाताळायला शिकवायचं, म्हणजे मुख्यतः हे शिकवायचं. कायद्याचा मजकूर समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. चांगल्या न्यायाधीशाला स्वतःची चांगली सवय काही आठवड्यांपुरती आवरायला लावणं, याला मात्र जगात कित्येक वर्षं गेली आणि अजून जाताहेत.

या खटल्यांच्या मुळाशी आहे नेदरलँड्समधल्या हेग इथे २५ ऑक्टोबर १९८० रोजी तयार झालेला करार. त्याआधीच्या दशकात विमानप्रवास आवाक्यात आला होता, वेगवेगळ्या देशांतल्या माणसांची लग्नं वाढली होती आणि घटस्फोटही. ताब्याचा खटला आपल्या विरोधात जाणार अशी चिन्हं दिसली, की मूल घेऊन दुसऱ्या देशात जायचं आणि तिथल्या न्यायालयात नव्यानं ताबा मागायचा, ही वाट लोकांना सापडली होती. तिथलं न्यायालय बहुधा आपल्या देशाच्या नागरिकाला झुकतं माप देई. मागे राहिलेला पालक परक्या भाषेत, अनोळखी वकिलामार्फत, हजारो मैलांवरून लढत राही. तोवर मूल नव्या शाळेत रुळे, जुनी भाषा विसरे, आणि आता याला हलवणं बरं नव्हे, असा निकाल येई. मूल घेऊन गेलेल्या माणसाला फक्त वेळ काढायचा असे.

करारानं यावर उपाय काढला तो वरकरणी सोपा आहे. १६ वर्षांखालच्या मुलाला, दुसऱ्या पालकाचा ताब्याचा हक्क डावलून, नित्य वास्तव्याच्या देशातून नेलं किंवा बाहेर अडकवून ठेवलं, तर त्याला आधी परत पाठवायचं. ताब्याचा वाद तिथलं न्यायालय सोडवील, कारण मुलाचे शिक्षक, डॉक्टर, शेजारी, सगळा पुरावा तिथे आहे. परत पाठवायला नकार देण्याची कारणं मोजकी ठेवली. मागे राहिलेल्या पालकाची संमती होती, किंवा त्यानं नंतर ते मान्य केलं. वर्ष उलटून गेल्यावर अर्ज आला आणि मूल नव्या जागी रुजलं. समज असलेल्या वयाचं मूल जायला ठाम विरोध करतं. परत पाठवल्यास मुलाला शारीरिक किंवा मानसिक इजेचा गंभीर धोका आहे. आणि क्वचित, परत पाठवणं मूलभूत मानवी हक्कांच्या विरुद्ध जाईल. सहा आठवड्यांत निर्णय झाला नाही, तर उशिराचं कारण विचारण्याचा हक्क अर्जदाराला दिला. आणि कलम १६ मध्ये साफ लिहिलं, की परतीचा प्रश्न सुटेपर्यंत ताब्याच्या गुणदोषांवर निकाल देऊ नये.

१ डिसेंबर १९८३ पासून करार अंमलात आला आणि आज शंभराहून जास्त देश त्यात आहेत. सह्या वाढत गेल्या तसा एक गोंधळही वाढत गेला. कलमं सगळीकडे तीच, पण ती वाचणारे न्यायाधीश प्रत्येक देशात वेगळे. एकच शब्द लंडनमध्ये एका अर्थानं लावला जाई, रोममध्ये दुसऱ्या. शिवाय बहुतेक न्यायाधीशांच्या वाट्याला असं प्रकरण सगळ्या कारकिर्दीत एखादंच येई. सवयीच्या वाटेनं ते मुलाच्या हिताची पूर्ण चौकशी सुरू करत, मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागवत, आणि सहा आठवड्यांचे सहा महिने, कधी सहा वर्षं होत. त्यांच्या हेतूत खोट नव्हती. आपण मुलाचं भलं करतोय अशी त्यांची खात्री असे, आणि नेमकं त्यामुळेच त्यांना थांबवणं अवघड होतं.

१९९८ साली नेदरलँड्समध्येच, डे रुवेनबर्ग इथे, निरनिराळ्या देशांचे न्यायाधीश मुलांच्या आंतरराष्ट्रीय संरक्षणावरच्या एका परिसंवादाला जमले. प्रत्येक देशानं आपला एक न्यायाधीश नेमावा, ज्याला दुसऱ्या देशातला न्यायाधीश थेट फोन करू शकेल, हा विचार तिथे पुढे आला. इंग्लंडच्या अपील न्यायालयातले न्यायमूर्ती मॅथ्यू थॉर्प यांचा त्यात पुढाकार होता. त्यातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय हेग न्यायाधीश जाळ्यात आज शंभराहून अधिक न्यायाधीश आहेत. त्यापाठोपाठ, हा करार ज्या संस्थेत तयार झाला त्या हेग परिषदेनं न्यायाधीशांसाठी एक नियतकालिक सुरू केलं आणि वेगवेगळ्या देशांतले निकाल इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिशमध्ये शोधता येतील असा संग्रह उभा केला. आपल्यासारखाच प्रश्न दुसऱ्या देशात कोणीतरी सोडवलाय, हे कळण्याची सोय त्यातून पहिल्यांदा झाली.

न्यायाधीशांच्या कार्यशाळेत काल्पनिक प्रकरण देऊन वाद घालायला लावणं ही शिकवण्याची जुनी रीत आहे. तसं एक प्रकरण इथे मांडून पाहू. हे मी रचलेलं आहे, पण यातले प्रश्न खऱ्या फाइलींमध्ये पुन्हापुन्हा येणारे आहेत.

ओहायोत राहणारं कुटुंब. वडील अमेरिकी, आई उरुग्वेची, मुलगी सात वर्षांची. जुलैच्या सुट्टीत आई मुलीला घेऊन मोन्तेविदेओला आजीकडे गेली. परतीचं तिकीट ऑगस्टचं होतं. ऑगस्टमध्ये तिनं फोनवर सांगितलं, आम्ही आता येणार नाही. वडिलांनी आपल्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे करारासाठी नेमलेल्या सरकारी कार्यालयाकडे, अर्ज केला, तो उरुग्वेत पोचला, आणि फाइल मोन्तेविदेओच्या न्यायाधीशांपुढे आली.

पहिला प्रश्न नित्य वास्तव्याचा. मुलीकडे उरुग्वेचाही पासपोर्ट आहे, मग ती आपल्याच देशाची ना? इथे नवखे न्यायाधीश हमखास अडखळतात. करार नागरिकत्व विचारत नाही. मूल कुठे राहत होतं, कुठे शाळेत जात होतं, त्याचं रोजचं जगणं कुठे होतं, एवढंच विचारतो. दुसरा प्रश्न: वडिलांकडे ताब्याचा आदेश कुठे आहे? आदेश नाही, कारण घटस्फोटाचा खटलाच झालेला नाही. पण करारासाठी न्यायालयाचा आदेश लागत नाही. त्या देशाच्या कायद्यानं आपोआप मिळणारा हक्क पुरतो. हा हक्क किती दूरवर पोचतो, हे चिलीतून टेक्सासला नेलेल्या एका मुलाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं. मुलाला भेटण्याच्या हक्काखेरीज, आपल्या संमतीशिवाय मूल देशाबाहेर नेता येणार नाही, एवढाच अधिकार वडिलांकडे होता. न्यायालयानं तोही ताब्याचा हक्क मानला.

मग संमती. वडिलांनी सुट्टीला जाऊ दिलं होतं, हे खरं. सुट्टीची परवानगी म्हणजे कायम राहण्याची परवानगी नव्हे, यावर वर्गात लवकर एकमत होतं. पण फाइलमध्ये एक निरोप ठेवलेला असतो. भांडणानंतर रात्री वडिलांनी मोबाइलवर लिहिलंय, ‘कर तुला हवं ते.’ यानं त्यांनी मान तुकवली असं होतं का? इथे गट फुटतात. काही न्यायाधीशांना ती स्पष्ट कबुली वाटते. काही जण तारखा बघतात आणि विचारतात, की तीन आठवड्यांत परतीचा अर्ज करणारा माणूस मान्य करून बसला होता असं कसं म्हणायचं? रागाच्या भरातल्या एका ओळीपेक्षा माणसाचं एकूण वागणं पाहायला शिकणं, हा या वादाचा उपयोग.

यानंतर आईचं म्हणणं येतं: मुलगी इथे खूश आहे. आजी आहे, मामेभावंडं आहेत, शाळा चांगली आहे, वडील तिकडे रात्री आठपर्यंत कामावर असतात. आणि वर्गातले बहुतेक न्यायाधीश टिपणं काढायला लागतात. शिकवणाऱ्यानं थांबवायचं ते इथे. यातलं प्रत्येक वाक्य खरं असेल. ते ऐकायचं काम ओहायोतल्या न्यायालयाचं. मुलगी कुठे अधिक सुखी होईल याचं उत्तर मोन्तेविदेओनं दिलं, तर प्रत्येक प्रकरणात नेणाऱ्याच्या देशाचं न्यायालय तेच करील आणि करार संपेल. हे बोलायला सोपं आहे. समोर सात वर्षांची मुलगी आजीचा हात धरून बसलेली असताना ते पाळायला फार धैर्य लागतं, आणि ते पाळणाऱ्या न्यायाधीशांबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

मुलगी म्हणते, मला इथेच राहायचंय. ही आवड आहे की विरोध? सात वर्षांच्या मुलीच्या शब्दाला किती वजन द्यायचं, आणि तिला विचारायचं तरी कसं, की उत्तराचा भार तिच्या मनावर राहू नये? यातलं पहिलं कायद्याचं आहे, दुसरं कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. म्हणून बालमानसशास्त्राची जाण असलेली माणसं अशा प्रशिक्षणात हवीतच. तुला कोणाबरोबर राहायचंय, हा प्रश्न मुलाला कधीही विचारू नये. तिकडच्या घराबद्दल, मित्रांबद्दल, परत जायच्या कल्पनेनं काय वाटतं याबद्दल बोलावं, आणि निर्णय तुझा नाही, माझा आहे, हे मुलाला स्पष्ट सांगावं.

आता कल्पित फाइलीत आणखी एक पान घालू. आई सांगते, नवऱ्यानं दोनदा हात उचलला, एकदा मुलगी खोलीतच होती.

आता हीच फाइल वेगळी होते. करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे १९८० साली बहुधा ताबा नसलेला, चिडून मूल पळवणारा बाप होता. प्रत्यक्षात चित्र निराळं निघालं. कार्डिफचे प्राध्यापक नायजेल लोव यांनी हेग परिषदेसाठी अनेक वर्षं केलेल्या मोजणीत, मूल नेणाऱ्यांत आयांचं प्रमाण सुरुवातीपासून दोनतृतीयांशाहून जास्त दिसलं. २०२१ सालच्या अर्जांत ते ७५ टक्के होतं. यातल्या काही जणी माहेरच्या ओढीनं गेल्या, काही नव्या नोकरीसाठी, आणि काही जीव वाचवून. शेवटच्या गटातल्या बाईला मुलासकट परत पाठवणं म्हणजे मारणाऱ्याच्या दारात नेऊन सोडणं होऊ शकतं. ज्या प्रशिक्षणात फक्त लवकर परत पाठवायला शिकवतात, ते अपुरं तर आहेच, धोक्याचंही आहे.

न्यायाधीशांना दोन्ही बाजूंनी घसरण्याची भीती असते. एक बाजू म्हणजे आरोप ऐकला की लगेच पूर्ण खटला चालवायचा आणि वर्ष घालवायचं. दुसरी म्हणजे सहा आठवड्यांच्या धाकानं आरोपाकडे बघायचंच नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली एक मधली रीत मांडली: आरोप खरे आहेत असं धरून चाला, तसं असल्यास मुलाला किती धोका आहे ते बघा, आणि मग तो धोका टाळण्याची खरी सोय तिकडे होऊ शकते का ते तपासा. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०१३ मध्ये लाटवियाच्या प्रकरणात बजावलं, की गंभीर धोक्याच्या आरोपाची खरी तपासणी व्हायला हवी आणि नाकारायचा तर कारणं द्यायला हवीत. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं, इटलीतून आलेल्या एका आई-मुलाच्या प्रकरणात, आणखी पुढे जाऊन म्हटलं, की गंभीर धोका सिद्ध झाल्यावर तो कमी करायचे सगळे शक्य उपाय धुंडाळत बसण्याचं बंधन न्यायालयावर नाही. हेग परिषदेनं या एका अपवादावर २०२० साली स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सँडटन इथे कौटुंबिक हिंसा आणि हा अपवाद एवढ्याच विषयावर मंच भरला, आणि त्यात हिंसा सोसलेल्या आयांचं म्हणणंही ऐकलं गेलं. ते चाळीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

सोय खरी आहे की कागदावरची, हे कसं कळणार? वडिलांचा वकील सांगतो, माझे अशील घर सोडून जातील, खर्च देतील, जवळ फिरकणार नाहीत. मोन्तेविदेओत दिलेलं हे वचन ओहायोत मोडलं तर कोण विचारणार? इथे ते न्यायाधीशांचं जाळं कामाला येतं. मोन्तेविदेओच्या न्यायाधीश आपल्या देशाच्या जाळ्यातल्या न्यायाधीशांमार्फत अमेरिकेतल्या न्यायाधीशांशी बोलतात: मुलगी विमानातून उतरण्याआधी तिथे संरक्षणाचा आदेश निघेल का? आईविरुद्ध अटक वॉरंट आहे का? ताब्याची सुनावणी किती दिवसांत होईल? या संभाषणाचे नियम ठरलेले आहेत. दोन्ही पक्षांना आधी कळवायचं, नोंद ठेवायची, आणि निकाल काय द्यावा यावर चकार शब्द काढायचा नाही. कित्येक देशांतल्या न्यायाधीशांना एका पक्षाच्या गैरहजेरीत कोणाशी बोलणंच गैर वाटतं, आणि ती भीती वाजवी आहे. म्हणून फोन कसा करायचा, हेदेखील शिकवावं लागतं. एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले न्यायाधीश तो फोन लवकर उचलतात. या परिषदांचा सगळ्यात टिकाऊ लाभ बहुधा तोच असावा.

शिकवलेलं टिकायचं तर ते वापरायला प्रकरणं हवीत. जर्मनीत सहाशेहून जास्त न्यायालयांत ही प्रकरणं विखुरलेली होती. १९९९ पासून ती दोन डझनांच्या आसपास न्यायालयांकडे एकवटली. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती फक्त उच्च न्यायालयाच्या कुटुंब विभागात चालतात. जपान १ एप्रिल २०१४ रोजी करारात आला तेव्हा त्यानं पहिल्या दिवसापासून टोकियो आणि ओसाका ही दोनच कुटुंब न्यायालयं नेमली.

जपानचं उदाहरण दुसऱ्या कारणासाठीही पाहण्यासारखं आहे. तिथे न्यायाधीश आदेश वेळेत देऊ लागले, पण मूल हलेना. घटस्फोटानंतर मूल एकाच पालकाचं, अशी त्या देशाची कायद्याची आणि समाजाची रीत होती. सुरुवातीच्या नियमानुसार मूल नेणाऱ्या पालकासोबत असतानाच ताब्यात घेता येई. दारात आई रडत उभी राहिली, की अंमलबजावणी अधिकारी माघारी फिरत. मार्च २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अमेरिकेतून आलेल्या एका मुलाच्या प्रकरणात ठरवलं, की अंतिम आदेशानंतरही मूल न सोडणं ही बेकायदा अडवणूक धरता येईल. मग २०१९ मध्ये कायदा बदलला आणि एप्रिल २०२० पासून मूल नेणाऱ्याची हजेरी गरजेची राहिली नाही. न्यायाधीश तयार केले, पण त्यांचा आदेश घेऊन दारात जाणाऱ्या माणसाला तयार केलं नाही, तर काय होतं, ते टोकियोनं दाखवलं.

परदेशी न्यायाधीशांचं प्रशिक्षण थेट कायद्यात लिहिणारा देश म्हणजे अमेरिका. त्यामागे ब्राझीलमधलं एक प्रकरण आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला त्याची आई २००४ साली सुट्टीसाठी रिओला घेऊन गेली आणि परतली नाही. वडिलांचा अर्ज ब्राझीलच्या न्यायालयांत एका पायरीवरून दुसरीवर फिरत राहिला. मुलगा इथे रुळलाय, हे कारण पुन्हापुन्हा पुढे आलं. २००८ मध्ये आईचा मृत्यू झाला, तरी मुलगा सावत्र वडिलांकडेच राहिला. २००९ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांनी आदेश दिल्यावर, नाताळच्या आदल्या दिवशी, तो वडिलांच्या हाती आला. त्या बापलेकांच्या नावानं २०१४ साली अमेरिकेत कायदा झाला. करार न पाळणाऱ्या देशांची नावं दरवर्षी अहवालात जाहीर करायची, त्यांच्यावर राजनैतिक दबाव आणायचा, आणि अशा देशांतल्या न्यायाधीशांना व पोलिसांना प्रशिक्षण द्यायला परराष्ट्र खात्यानं मदत करायची, अशा तरतुदी त्यात आहेत.

या शेवटच्या तरतुदीचं मी मनापासून स्वागत करतो, पण तिची एक मर्यादा आहे. अर्जदार बहुधा ज्या देशाचा, तोच देश शिक्षक होतो, आणि समोरच्या न्यायाधीशांच्या मनात शंका राहते. त्यात अमेरिकेनं ही प्रकरणं स्वतःकडे मोजक्या न्यायालयांत एकवटलेली नाहीत. कोणत्याही राज्याच्या किंवा संघराज्याच्या न्यायालयात ती जाऊ शकतात. त्यामुळे अमेरिकी न्यायाधीशांसाठीही मार्गदर्शक पुस्तक लिहावं लागलं, आणि कॅलिफोर्नियाचे न्यायाधीश जेम्स गार्बोलिनो यांनी ते लिहिलं. लॅटिन अमेरिकेत जास्त परिणाम झाला तो शेजारच्या देशातल्या, त्याच भाषेत बोलणाऱ्या न्यायाधीशांमुळे. २००७ साली तिथल्या जाणकारांनी मिळून कार्यपद्धतीचा एक नमुना कायदा तयार केला. किती दिवसांत काय करायचं, अपिलाच्या किती पायऱ्या, कोणता पुरावा घ्यायचा, सगळं त्यात आहे. उरुग्वेनं पुढे स्वतःचा कायदा केला.

करारात नसलेल्या देशांशी बोलणं त्याहून नाजूक. जानेवारी २००३ मध्ये इंग्लंडच्या कुटुंब विभागाच्या अध्यक्ष एलिझाबेथ बटलर-स्लॉस आणि पाकिस्तानचे सरन्यायाधीश शेख रियाझ अहमद यांनी एक समझोता केला: मुलाचं हित सर्वसाधारणपणे त्याच्या नित्य वास्तव्याच्या देशातलं न्यायालय ठरवील. हा सरकारांमधला करार नव्हता. न्यायाधीशांनी न्यायाधीशांशी केलेला होता. २००४ पासून माल्टात शरियतवर आधारलेल्या कायद्याच्या देशांतले आणि हेग करारातल्या देशांतले न्यायाधीश एकत्र बसू लागले. पाकिस्तान २०१६ साली करारात सामील झाला. श्रीलंका त्याच्या कितीतरी आधी.

भारत अजून बाहेर आहे. कायदा आयोगानं २००९ मध्ये सामील व्हा असं सुचवलं, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा दिला. परदेशात छळ सोसून माहेरी परतलेल्या भारतीय मुलींना या करारानं मुलासह परत ढकललं जाईल, अशी हरकत पुढे आली. न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला. प्रश्न तिथेच आहे. हरकत पोकळ नाही. वर ७५ टक्क्यांचा आकडा दिलाच आहे. पण सही न केल्यानं भारतातले न्यायाधीश या फाइलींपासून सुटलेले नाहीत. न्यू जर्सी, लंडन, सिडनीत संसार थाटलेल्या मराठी घरांतली भांडणं मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करा अशा मागणीच्या, याचिकेतून येतातच.

ती फार पूर्वीपासून येताहेत. १९८६ साली मिशिगनमध्ये आठवड्याच्या सुट्टीत मुलाला भेटायची मुभा असलेले वडील त्याला घेऊन पुण्याला आले. आई सर्वोच्च न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी मुलगा तिच्याबरोबर परत गेला. दुसऱ्या एका प्रकरणात आईनं १९८४ साली अमेरिकेतून तान्ह्या मुलाला आणलं. वाद मुंबईतल्या न्यायालयांतून वर चढत गेला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९९७ मध्ये, आईच्या बाजूनं. मुलगा तोवर किशोरवयात आला होता. दोन्ही निकाल आपापल्या जागी योग्य म्हणता येतील. पहिल्यात वर्षाच्या आत निर्णय झाला म्हणून परतीला अर्थ होता. दुसऱ्यात इतका काळ गेला, की दुसरं काही करणं क्रूर ठरलं असतं. तेव्हापासून आपल्या न्यायालयांचा कौल झुलत राहिला आहे. २०१५ साली परदेशी न्यायालयाच्या आदेशाला मान देण्यावर भर होता. २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की मुलाचं कल्याण सर्वांत वर आणि परदेशी आदेश ही विचारात घ्यायची एक बाब.

कोणत्याही करारावर सही न करताही, अशा याचिका मोजक्या पीठांकडे द्यायला, त्या पीठांना शिकवायला आणि सुनावणीचं वेळापत्रक ठरवून द्यायला कोणाची आडकाठी आहे, हे मला समजत नाही. अशी तयारी नसली की काय होतं, ते पाहा. केनियाशी संबंधित एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मुलाचा ताबा तिकडच्या वडिलांना दिला आणि तशाच आशयाचा आदेश नैरोबीच्या न्यायालयातून आणायची अट घातली, म्हणजे आईचा भेटीचा हक्क तिकडेही टिकावा. मूल गेलं. मग वडिलांनी अटी पाळल्या नाहीत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःचा निकाल मागे घ्यावा लागला, आणि मुलाला परत आणायचं काम केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवावं लागलं. मोन्तेविदेओच्या न्यायाधीश मुलगी विमानात बसण्याआधी जे प्रश्न फोनवर विचारतात, ते नैरोबीतल्या न्यायाधीशांना विचारण्याची ठरलेली वाट आपल्याकडे नव्हती.